घरच्या घरी स्वस्त वॉशिंग पावडर: रीलमधल्या रेसिपीचा पूर्ण हिशेब

"फक्त १० रुपयांत एक किलो वॉशिंग पावडर!" असं लिहिलेली रील तुमच्याही फोनवर एकदा तरी येऊन गेली असेल. टबात पांढरा सोडा, मीठ, किसलेला साबण, वरून थोडे निळे दाणे, हातानं कालवलं की झालं. खाली कमेंटमध्ये अर्धे लोक "सुपर ताई" म्हणतात आणि अर्धे "माझा फेस येत नाही" म्हणतात. हे दुसरे लोक कुठल्या गावचे आहेत आणि त्यांच्याकडे पाणी कुठलं येतं, हे कोणीच विचारत नाही. सगळा खेळ मात्र तिथेच आहे.

मी मूळचा मूलचा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलचा. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकू आमच्या आईसोबत बसल्या होत्या. त्यांच्या बचत गटाला एका विक्रेत्यानं वॉशिंग पावडरचं किट देऊ केलं होतं: कच्चा माल, एक दिवसाचं ट्रेनिंग, आणि 'घरबसल्या कमाई'. प्रत्येकीनं दोन हजार भरायचे. काकू मला म्हणाल्या, "तू इंजिनिअर हायेस ना, मंग पाहून सांग. पैसे भरू का नको?" माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं. पण हिशेब हिशेबच असतो, आणि डिटर्जंटची केमिस्ट्री बारावीच्या बाहेर फारशी जात नाही. तेव्हा जे शोधलं, मोजलं आणि करून पाहिलं ते इथे एका जागी लिहून ठेवतो.

पाकिटात असतं काय

कुठलीही पावडर घ्या, तिच्यात काम करणारा मुख्य पदार्थ एकच असतो: सर्फॅक्टंट. याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. तुमच्याकडे जुना ३.५ एमएमचा इअरफोन आहे आणि फोनला फक्त टाइप-सी पोर्ट आहे, तर मध्ये जो छोटा ॲडॉप्टर लावता, तसंच हे. कॉलरवरचा मळ म्हणजे घामातलं तेल आणि त्याला चिकटलेली धूळ. नुसतं पाणी तेलाला धरू शकत नाही. सर्फॅक्टंटचे रेणू तेलाच्या थेंबाभोवती गोळा होतात, त्याला कापडापासून सोडवतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. साबण हाही सर्फॅक्टंटच, तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला. बाजारातल्या पावडरीत साबणाऐवजी बहुतेक वेळा पेट्रोलियमपासून बनवलेला सर्फॅक्टंट असतो.

दुसरा घटक बिल्डर. आपल्याकडच्या स्वस्त पावडरीत हा म्हणजे धुण्याचा सोडा, व्यापारी भाषेत सोडा ॲश. तो पाण्यातले क्षार बाजूला काढतो आणि पाणी अल्कधर्मी करतो, त्यामुळे तेलकट मळ लवकर सुटतो. तिसरा भर: मीठ किंवा सोडियम सल्फेट. धुण्यात याचं काम जवळपास शून्य. पावडर मोकळी राहावी, चमच्यानं मोजता यावी आणि किलोचा भाव कमी दिसावा म्हणून हा घालतात. उरलेलं सगळं किरकोळ प्रमाणात असतं: सुटलेला मळ परत कापडावर बसू नये म्हणून सीएमसी, पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून निळसर चमक देणारं रसायन, वास, रंगीत दाणे. ते निळे-हिरवे दाणे बहुतेक वेळा रंगवलेला सोडा किंवा मीठच असतं.

आधी पाणी तपासा

शाळेच्या पुस्तकात 'दुष्फेन पाणी' वाचल्याचं आठवत असेल. आमच्याकडे त्याला जड पाणी म्हणतात, कुठे खारं म्हणतात. आजीच्या वेळी कपडे तलावावर नाही तर नदीवर धुवायचे. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, गावोगाव आहेत. त्यात साठतं ते पावसाचं पाणी, म्हणून ते बरंच हलकं. त्या पाण्यात साध्या साबणाच्या तुकड्यालाही फेस यायचा. आता घरोघरी बोअर आहे. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. "या पाण्याले साबण लागत नाही" ही आईची तक्रार तिथूनच येते.

साबण लागत नाही म्हणजे काय होतं? कॅल्शियम साबणाच्या रेणूचं पाण्याकडचं टोक पकडून बसतं. चार्जिंग पोर्टमध्ये कापूस भरल्यावर केबल कितीही चांगली असली तरी चार्ज होत नाही, तसं. साबण विरघळायच्या ऐवजी पांढऱ्या साका होऊन बसतो. बादलीच्या काठावर जो चिकट थर राहतो तो हाच.

आता आकडे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मध्यम म्हणून ३०० धरू. २० लिटरची बादली घेतली तर तिच्यात ६ ग्रॅम काठिण्य झालं. रेणूंच्या वजनावरून हिशेब केला तर १ ग्रॅम काठिण्य साधारण ६ ग्रॅम साबण खाऊन टाकतं. म्हणजे एका बादलीत सुमारे ३६ ग्रॅम शुद्ध साबण फेस यायच्या आधीच वाया. कपड्याला हातही लागलेला नाही. पाणी ६०० चं असेल तर ७२ ग्रॅम.

तेच काम सोडा ॲशनं केलं तर? १ ग्रॅम काठिण्याला जेमतेम १.०६ ग्रॅम सोडा पुरतो. म्हणजे त्याच बादलीला साडेसहा ग्रॅमही लागत नाही, सपाट चमचाभर सोड्यात काम भागतं. साबण सोड्यापेक्षा कितीतरी महाग. स्वस्त पावडरीचं अख्खं अर्थशास्त्र या दोन आकड्यांत आहे: स्वस्त सोड्याला पाण्याशी लढू द्यायचं आणि महाग सर्फॅक्टंट फक्त मळासाठी राखून ठेवायचा.

तुमचं पाणी किती जड आहे हे फोनवरचं कुठलंही ॲप सांगू शकत नाही. ऑनलाइन मिळणारं पेनासारखं टीडीएस मीटरही सांगत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं, त्यात साधं मीठही मोजलं जातं, आणि मीठ साबणाला कॅल्शियमसारखं पकडत नाही. काठिण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या चालतात. फुकटातली पद्धत अशी: दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं किंवा आरओचं पाणी, दुसरीत नळाचं किंवा बोअरचं, दोन्ही अर्ध्या. अंगाच्या साबणाचा नखाएवढा सारखाच किस दोन्हीत टाका आणि दहा वेळा हलवा. साबणाच्या वेष्टणावर 'टीएफएम' लिहिलेलं असलेला घ्या, म्हणजे तो खरा साबण आहे याची खात्री. शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड घेतलं तर फरक नीट दिसणार नाही. एका बाटलीत दाट फेस आणि दुसरीत गढूळ पाणी दिसलं की समजा. मग गढूळ बाटलीत चिमूटभर सोडा टाकून, पाच मिनिटं थांबून, थोडा आणखी साबण घालून पुन्हा हलवा. आमच्या घरी हा प्रयोग आईला दाखवला तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या डिग्रीबद्दल थोडा आदर दाखवला.

रीलमधल्या रेसिपी डिबग करू

पहिली, साबणाची वडी किसून सोडा आणि टाकणखार मिसळायची. ही मूळ अमेरिकन रेसिपी, तिथून भाषांतर होत होत आपल्यापर्यंत आली. हलक्या पाण्यात ती बरी चालते. जड पाण्यात एका चमच्यातला पाच-सहा ग्रॅम साबण कॅल्शियमच्या वाट्याला जाण्याची शक्यता जास्त, मग धुतो तो सोडाच. त्यात आपल्याकडे 'कपड्याचा साबण' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच वड्या साबण नसतातच, त्या डिटर्जंटच्या वड्या असतात आणि त्यांत दगडाच्या भुकटीसारखी भर असते. ती वडी किसायची म्हणजे तयार डिटर्जंट विकत घ्यायचं, मेहनत करून त्याची पावडर करायची आणि तिला 'होममेड' म्हणायचं. टाकणखार पोटात गेला तर घातक आहे, लहान मुलं असलेल्या घरात तो उघडा ठेवू नका.

दुसरी, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. हे एकत्र केलं की बुडबुडे येतात, व्हिडिओत फार छान दिसतात. पण एक अल्क आणि एक आम्ल, दोघांनी एकमेकांना संपवलं की उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. धुण्याच्या कामाचं त्यात काही नाही. नुसता खाण्याचा सोडाही धुण्याच्या सोड्याइतका जोरदार नसतो. पीएचमध्ये बोलायचं तर हा साधारण ८.३ आणि तो ११ च्या आसपास. खाण्याचा सोडा कढईत भरपूर तापवला की धुण्याचा सोडा बनतो हे खरं आहे, किलोला साधारण ६३० ग्रॅम. पण खाण्याच्या दर्जाचा महाग सोडा घेऊन, गॅस जाळून धुण्याचा सोडा करण्यात काय राम आहे?

तिसरी, रिठा. ही खरी. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, तोही सर्फॅक्टंटच, आणि जड पाण्यात साबणासारखा साका होत नाही. बिया काढून साली रात्रभर भिजवायच्या, उकळून गाळायच्या. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोड्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. रोजच्या चिखलाच्या पँटला मात्र ताकद कमी पडते, आणि काढा दोन-चार दिवसांत आंबतो.

चौथी, राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, सोड्याचा भाऊच, म्हणून जुने लोक राखेच्या पाण्यात कपडे भिजवायचे ते बरोबर होतं. पण आमच्या धानपट्ट्यात राईस मिलच्या कोंड्याची काळी राख ढिगानं मिळते, ती घेऊन हा प्रयोग करू नका. धानाच्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते. त्या सिलिकेपासून कारखान्यात सोडियम सिलिकेट करता येतं आणि ते डिटर्जंटमध्ये वापरतातही, पण त्याला कॉस्टिक आणि उष्णता लागते. बादलीत टाकली तर कपडे फक्त काळे होतील.

किटमधली काळी बाटली

काकूंनी किटच्या सामानाची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यात सोडा, मीठ, सोडियम सल्फेट, रंग, वास, आणि एका कॅनमध्ये 'ॲसिड स्लरी'. मी तिथेच थांबलो.

ॲसिड स्लरी म्हणजे घट्ट काकवीसारखा तपकिरी-काळा द्रव. नावात ॲसिड आहे ते उगाच नाही, तो तीव्र आम्लच असतो. सोडा ॲशमध्ये तो कालवला की कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो, मिश्रण गरम होतं आणि सर्फॅक्टंट तयार होतो. स्वस्त पावडर बनवायचा हा सगळ्यांत सोपा आणि जुना मार्ग. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत घराच्या मागच्या अंगणात पावडर बनवायला सुरुवात केली आणि सायकलवर फिरून ती विकली. मुलगी निरुपमा, तिच्या नावावरून 'निरमा'. त्या वेळी बाजारात हिंदुस्थान लीव्हरचं सर्फ होतं, निरमाच्या कितीतरी पट महाग. प्रत्येक किट विकणारा हीच गोष्ट सांगतो. तो एक गोष्ट सांगायची विसरतो: पटेल हे शिकलेले केमिस्ट होते आणि गुजरात सरकारच्या भूगर्भ व खनिकर्म खात्यात नोकरी करत होते. त्यांना टबात काय चाललंय हे कळत होतं.

एक किलो स्लरी शांत करायला साधारण १६५ ग्रॅम सोडा पुरतो, आणि किटच्या फॉर्म्युल्यात सोडा त्याच्या कित्येक पट असतो. मग धोका कुठे? मिसळण्यात. स्लरी घट्ट असते, तिचे गोळे होतात, वरून सोड्याचं आवरण बसतं आणि आत आम्ल तसंच राहतं. कारखान्यात यासाठी मिक्सर असतात, नंतर चाळणी असते. घरात हातानं कालवताना गोळा फुटला की हाताला, उडाला तर डोळ्याला. ट्रेनिंगच्या व्हिडिओतल्या बाईंच्या हातात हातमोजे नव्हते, चष्मा नव्हता, आणि शेजारी तीन वर्षांचं पोर खेळत होतं. तेव्हा माझं मत सरळ आहे: स्लरीचं काम घरात, स्वयंपाकघरात, लेकराबाळांत करू नये. ज्या गटाकडे वेगळी शेड, मिक्सर, हातमोजे, गॉगल आणि शिकवणारा माणूस आहे, त्यांची गोष्ट वेगळी.

मग घरी काय करता येईल

स्लरीऐवजी तयार, आधीच शांत केलेला सर्फॅक्टंट पावडर स्वरूपात मिळतो. सोडियम लॉरिल सल्फेट, दुकानात 'एसएलएस पावडर' म्हणून विचारा. टूथपेस्ट आणि शाम्पूत फेस येतो तो बऱ्याचदा याच्यामुळे. मूलला मिळाला नाही, चंद्रपूरला केमिकलच्या दुकानात मिळाला.

रेसिपी लिहिताना मी एक गोष्ट मुद्दाम काढली: भर. कंपनीला मीठ आणि सल्फेट घालायची कारणं आहेत, आपल्याला नाहीत. कोडमध्ये जी लाइन कधी चालतच नाही ती डिलीट करावी, तसं. भर काढली की पावडर तेज होते आणि चमचा लहान लागतो.

प्रमाण असं: सोडा ॲश ६०० ग्रॅम, एसएलएस पावडर २०० ग्रॅम, सीएमसी २० ग्रॅम. सीएमसी नाही मिळालं तर त्याच्याशिवायही चालतं, पांढरे सुती कपडे थोडे लवकर मळकट दिसतील इतकंच. सगळं कोरड्या डब्यात घालून, झाकण घट्ट लावून डबा फिरवून मिसळा. उघड्या परातीत हातानं कालवू नका. एसएलएसची धूळ नाकात गेली की शिंका आणि घशात आग. तोंडाला रुमाल, हातात मोजे, पंखा बंद.

सोडा घेताना एक फसगत टाळा. किराणा दुकानात 'धुण्याचा सोडा' म्हणून कधी कोरडी पावडर मिळते, कधी काचेसारखे खडे. खड्यांमध्ये निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. २.७ किलो खडे म्हणजे जेमतेम एक किलो कोरडा सोडा. भाव विचारताना हे डोक्यात ठेवा, आणि या रेसिपीत खडे वापरू नका, डब्यात ओल सुटून सगळ्याचा गोळा होतो.

वापर: २० लिटरच्या बादलीला २० ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड मोठा चमचा. एकदा काट्यावर मोजून त्या चमच्याला मार्करनं खूण करा. पावडर आधी पाण्यात विरघळवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कपडे टाका. हा थांबा महत्त्वाचा आहे, तेवढ्या वेळात सोडा कॅल्शियमला बाजूला काढतो. या २० ग्रॅममध्ये साडेचौदा ग्रॅम सोडा येतो, म्हणजे ३०० च्या पाण्याला लागतो त्याच्या दुपटीहून जास्त. ६०० च्या पाण्यालाही तो पुरतो, पण कपड्यांसाठी फार उरत नाही. तिथे पाव चमचा सोडा वेगळा टाका.

पैसे किती वाचतात

भाव गावागावांत बदलतात, म्हणून खालचे आकडे 'समजा' म्हणून वाचा आणि फोनवर शीट उघडून तुमच्या दुकानाचे टाका. समजा सोडा ६० रुपये किलो, एसएलएस २५०, सीएमसी ४००. मग आपल्या ८२० ग्रॅमच्या डब्याला ३६ + ५० + ८, म्हणजे ९४ रुपये. त्यात ४१ बादल्या होतात. बादलीला सुमारे २ रुपये ३० पैसे.

आता समजा दुकानातली स्वस्त पावडर ७० रुपये किलो आहे आणि बादलीला ४० ग्रॅम लागते, तर २ रुपये ८० पैसे. महाग पावडर १५० रुपये किलो आणि ३० ग्रॅम लागते, तर साडेचार रुपये. रोज एक बादली धरली तर महिन्याला स्वस्त पावडरीपेक्षा १५ रुपये वाचले, महाग पावडरीपेक्षा ६६. मूलहून चंद्रपूरला एसटीनं जाऊन यायच्या भाड्यात हे पंधरा रुपये कधीच संपले. '१० रुपयांत एक किलो' म्हणणाऱ्या रीलमध्ये मग काय असेल? १० रुपयांत मुख्यतः मीठ बसतं.

आणि हे पाहा: ४० ग्रॅमच्या जागी मुठीनं ६० ग्रॅम पडत असेल, तर स्वस्त पावडरही बादलीला ४ रुपये २० पैशांना पडते. म्हणजे काहीही न बनवता फक्त चमच्यानं मोजून टाकली तर जे वाचतं, ते घरची पावडर बनवून वाचतं त्यापेक्षा जास्त आहे. आमच्या घरी मी आईला तिची नेहमीची मूठ काट्यावर रिकामी करायला सांगितली. आकडा इथे लिहायला तिनं मनाई केली आहे.

काकूंच्या गटापुढे हाच हिशेब ठेवला. किटमधून निघणारी पावडर ही दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त पावडरीशी स्पर्धा करणार, जी टनावारी माल घेऊन बनते. तिथे किलोमागे काही रुपये सुटले तरी त्यातून भाडं, पाकीट आणि उधारी जायची. गटानं पैसे भरले नाहीत. त्याऐवजी दहा घरांनी मिळून सोडा आणि एसएलएस एकदम आणलं. एक फेरी, दहा घरं, मग प्रवासाचा खर्च वाटला जातो. ज्यांच्याकडे महाग पावडर यायची त्यांना फरक पडला. दोघी-तिघींनी स्वस्त पावडरच चालू ठेवली, आता चमच्यानं मोजून.

हात, कपडे आणि हळद

सोडा तेल काढतो तसं हाताच्या कातडीतलंही काढतो. हातानं कपडे घासणाऱ्या बाईच्या बोटांना भेगा पडतात त्यामागे बऱ्याच वेळा हेच असतं, मग पावडर कंपनीची असो की घरची. मोजे वापरा, निदान धुऊन झाल्यावर खोबरेल लावा. लोकर आणि रेशीम यांना ही पावडर लावू नका. फ्रंट लोड मशीनमध्येही नको, एसएलएसचा फेस मशीनभर होतो.

सोडा कपड्यातून पूर्ण निघाला का हे पाहायला घरातलीच वस्तू आहे. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळद अल्काला लाल रंग देते. कागदाच्या पट्ट्यांना हळदीचं पाणी लावून वाळवा. शेवटच्या खळबळलेल्या पाण्यात पट्टी बुडवा आणि दुसरी पट्टी नुसत्या नळाच्या पाण्यात. पहिली जास्त लाल झाली तर अजून एकदा खळबळा. लहान बाळाचे कपडे धुताना हे एकदा करूनच पाहा.

जड पाण्यात सोडा वापरला की चुन्यासारखा बारीक साका पाण्यात होतो आणि काही महिन्यांनी टॉवेल कडक व्हायला लागतात. अधूनमधून शेवटच्या खळबळीत थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. मात्र ते पावडरीसोबत घालू नका, का ते वर आलंच आहे. आणि ब्लीचच्या जवळही नको: ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो.

धुण्याचं पाणी तलावात सोडू नका. या रेसिपीत फॉस्फेट नाही, जे तलावात शेवाळ वाढवतं, पण सोडा आणि सर्फॅक्टंट माशांच्या उपयोगाचे नाहीत.

विकायची असेल तर

घरात वापरणं वेगळं, पाकिटात भरून विकणं वेगळं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क लिहावा लागतो. हे २०११ च्या वैध मापनशास्त्र नियमांत आहे. घरगुती डिटर्जंट पावडरसाठी आयएस ४९५५ हे भारतीय मानक आहे, त्यात सर्फॅक्टंटचं प्रमाण वगैरे दिलेलं असतं. किट विकणारा माणूस भेटला तर त्याला एवढंच विचारा की तुझी पावडर या मानकात बसते का आणि तपासणीचा कागद कुठे आहे. बचत गट 'उमेद'मध्ये असेल तर तालुक्याच्या कक्षात आधी दाखवून घ्या.

साठवण: पावसाळ्यात सोडा हवेतली ओल ओढतो, म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. ॲल्युमिनियमचा नको, सोडा त्याला खातो. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि तो स्वयंपाकघरात ठेवू नका. पांढरी पावडर, मीठ आणि खाण्याचा सोडा हे तिन्ही संध्याकाळच्या लोडशेडिंगमध्ये सारखेच दिसतात.